‘सोबत कोण’ हा रकाना

डायरेक्टर मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि वरच्या फॉर्मच्या सातव्या प्रश्नावर पेन्सिल टेकवली.

"चाळीस घरं, चाळीस बायका. आणि एकही काम करत नाही?"

"त्यांनीच तसं सांगितलं, मॅडम."

"आणि तुम्ही लिहिलंत."

लिहिलं होतं खरं. सातवा प्रश्न साधा होता. आपण काम करता का? हो किंवा नाही. चाळीसही जणींनी नाही म्हटलं होतं. त्याखाली व्यवसायाची ओळ होती, तिथे मी चाळीस वेळा ‘गृहिणी’ लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कल्याणच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते आणि एम.फिल.साठी स्टडी लीव्ह घेऊन विद्यापीठात आले होते. विषय स्त्री-अभ्यास. विभाग नवा होता. कॉरिडॉरच्या टोकाला दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि पुस्तकांची दोन कपाटं. हा विषय म्हणजे काय ते मला त्या वर्षी पुष्कळ जणांना सांगावं लागलं. मी सांगायची, अर्थशास्त्र, इतिहास, कायदा हे सगळे आपण शिकतो तेच विषय, फक्त त्यांत बायका कुठे आहेत आणि का नाहीत, हे शोधायचं. ऐकणारा मान हलवायचा आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचा. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले होते, बायकांचा अभ्यास तर आम्ही घरी बिनपगारी करतो, तुम्हाला त्याला रजा मिळते. सगळे हसले. मीही हसले. प्रिन्सिपॉलनी तेवढं गंभीरपणे विचारलं होतं, परत आल्यावर शिकवणार काय? हा पेपर तर आपल्याकडे नाही.

डोंबिवलीला पूर्वेला माझ्या दोन खोल्या होत्या. आई रजेच्या आदल्या वर्षी गेली. लग्न केलेलं नव्हतं. त्यामुळे दिवसभरात काय घडलं ते सांगायला घरी कोणी नसायचं, आणि विभागात बाकीचे विद्यार्थी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. ते मला मॅडम म्हणायचे आणि कँटीनला आपापले जायचे.

मॅडमनी मला फॉर्म परत दिले. "चांगुणाबाईचा फॉर्म बघा. तुम्ही विचारत होता तेव्हा ती काय करत होती?"

मी आठवून सांगितलं. (नाव अर्थात बदललेलं आहे.) कळव्याच्या बाजूला खाडीकाठी एक कोळीवाडा आहे, तिथल्या एका घराच्या ओट्यावर ती बसली होती. पन्नाशीची असेल. निवट्या साफ करत होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारते ती बुळबुळीत मासळी. मी प्रश्न विचारला तेव्हा हात न थांबवता ती म्हणाली होती, "मी कंचं काम करतंय बाय? घराच असतंय."

"म्हणजे ती विकायची मासळी साफ करत होती, आणि तुम्ही समोर बसून ‘काम करत नाही’ लिहीत होता," मॅडम म्हणाल्या. "आता विचारू नका. बसा आणि बघा."

या पद्धतीला टाइम-यूज म्हणतात. एका घरात सहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी लिहायचं. कागदावर चार रकाने असतात. वेळ, काम, कुठे, सोबत कोण. ‘आपण काम करता का’ याचं उत्तर मग बाईला द्यावं लागत नाही, कागदच देतो. नियम तीन होते. आधी तिची संमती घ्यायची, नाव बदलायचं, आणि तिचा कागद बाहेरच्या कोणालाही दाखवायचा नाही.

सहा दिवस परक्या बाईला घरात बसवून घ्यायला कोणी तयार होईना. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल, अशी उत्तरं मिळाली. आठ घरं फिरून मी चांगुणाबाईकडे गेले. तिने कोणालाच विचारलं नाही. बस म्हणाली. मला वाटलं, ही घरची कर्ती दिसते.

सोमवारी सकाळी सात वाजता मी ओट्यावर वही उघडली. ओहोटीची वेळ बघून ती पाटी आणि आकडी घेऊन निघाली. आकडी म्हणजे चिंबोऱ्या (खेकडे) बिळातून ओढायची लोखंडी सळी. घरामागे एक अरुंद जमिनीची पट्टी होती, तिच्यावरून पायवाट तिवरांच्या झाडीतून थेट खाडीत उतरत होती. पाड्यातल्या आणखी पाच-सहा जणी त्याच वाटेने आल्या. त्या मांडीभर चिखलात उतरल्या आणि मी बांधावर बसून लिहीत राहिले. तीन तासांनी ती वर आली. मग धुणं, निवडणं, साफ करणं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार, परत येऊन पाणी, चूल, जाळ्याची भोकं विणणं. पहिल्याच दिवशी माझ्या कागदावर साडेदहा तास काम भरलं. मला फार आनंद झाला. सातव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

चौथ्या रकान्याकडे मी तितकं लक्ष दिलं नाही. घरात नवरा असायचा, त्याची होडी विकली गेली होती आणि गुडघे गेले होते. मुलगा जनार्दन एका कारखान्यात पाळीवर जायचा. सून होती. म्हणून घरातल्या वेळेपुढे मी ‘कुटुंबीय’ लिहीत गेले.

बुधवारी दुपारी सून मोरीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा पाणी आलंय."

चांगुणाबाई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. मी गोंधळून तिच्याकडे बघितलं. ती उठली आणि हंडा घेऊन नळावर गेली. मी काही सांगण्याची गरजच नव्हती, तिने ऐकलं होतं.

मग मी मागचे कागद काढून आठवायला लागले. तीन दिवसांत या घरातलं कोणी तिच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. नवरा तिने पुढे ठेवलेल्या ताटातलं जेवायचा. मुलगा तिने मासळी विकून आणलेल्या साबणाने आंघोळ करायचा. सून तिच्या शेजारी बसून भाकरी थापायची. बोलत कोणी नव्हतं. ‘कुटुंबीय’ खोडून काय लिहायचं ते मला कळेना. आमच्या कोडशीटमध्ये, म्हणजे पुढे कॉम्प्युटरला देण्यासाठी प्रत्येक उत्तराला जो आकडा असतो त्या यादीत, ‘एकटी’ होतं आणि ‘कुटुंबासोबत’ होतं. घरात चार माणसं आणि सोबत कोणी नाही, याला आकडा नव्हता. शेवटी मी ते शब्दांतच लिहिलं.

गुरुवारी ओहोटी उशिरा होती. आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. मी विचारलं नाही, मॅडमनी तसंच बजावलं होतं. तिनेच सांगितलं.

ती पट्टी तिच्या बापाची. तिला भाऊ नव्हता, म्हणून बापाच्या मागे सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. माहेर आणि सासर एकाच पाड्यात, त्यामुळे ती लहानपणापासून त्याच वाटेने खाडीत उतरत आलेली. आता एका बिल्डरला मागची सगळी जमीन हवी होती. तिच्या चुलतभावाने अर्ज केला होता की लग्न होऊन तीस वर्षं झालेल्या बाईचा या पट्टीशी संबंध नाही, जमीन पडीक आहे, नाव कमी करा. बिल्डिंग झाली तर चुलतभाऊ तिच्या मुलाला त्यात जागा देणार होता. नवऱ्याचं आणि मुलाचं म्हणणं, चांगुणाबाईने मुकाट्याने अंगठा द्यावा. ती नाही म्हणाली. तेव्हापासून घर बोलत नव्हतं. दोन वर्षं होत आली होती.

"जागा गेली का मंग बाया कुठून उतरतील?" ती म्हणाली. "त्यांना इचार. पन त्या नाय बोलनार. त्यांना पन घरं हायत."

मी वहीत ‘वेळ साडेनऊ, काम : बसणे’ असं लिहिलं.

त्या रविवारी मी डोंबिवलीला घरी होते. कागद नीट लिहून काढायचे होते. हाताशी कोरा फॉर्म होता म्हणून, किंवा का कोण जाणे, मी माझाच दिवस भरायला घेतला. सात, चहा, स्वयंपाकघर. सव्वासात, पेपर, खुर्ची. चौथ्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘कोणी नाही’ लिहिलं आणि खाली ‘वरीलप्रमाणे’चं चिन्ह ओढत गेले. बारापर्यंत पोचले आणि फॉर्म फाडून टाकला. खाली शेजारच्या काकू दिसल्या तर त्यांच्याशी पंधरा मिनिटं गवारीच्या भाजीबद्दल बोलत उभी राहिले. त्यांना नवल वाटलं असावं.

सहा दिवस संपले होते. मी धन्यवाद द्यायला गेले तेव्हा चांगुणाबाईने मला आत बोलावलं. पुढच्या आठवड्यात सर्कल येणार होते. सर्कल म्हणजे तलाठ्याच्या वरचा महसूल अधिकारी. ते जागा बघून पंचनामा करणार, ती वापरात आहे की पडीक.

"तुजे कागद दे मना," ती म्हणाली. "तू सगला बघितलंस. टायमासकट लिवलंस. दुसरं कोन बोलनार नाय."

मी विद्यापीठात गेले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला एकेक मुद्दा समजावला. आपण रिसर्चर आहोत, साक्षीदार नाही. संमती अभ्यासासाठी घेतली आहे. कागदात दुसऱ्या बायकांची नावं आहेत, त्यांना विचारलेलं नाही. आणि एकदा त्या पाड्यात कळलं की आपले कागद सरकारी माणसापुढे जातात, की पुन्हा कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही.

"मग तिचं काय, मॅडम?"

"तिच्यासाठी वकील असतात. आपल्या विभागातून मी एक नाव देते."

वकिलाचं नाव घेतलं. ते पनवेलच्या केसमध्ये अडकले होते आणि पंधरा दिवसांनी भेटू म्हणाले. पंचनामा सहा दिवसांवर होता.

मी कोणाचा सल्ला घ्यावा असं कोणी नव्हतं. कॉलेजातल्या एका मैत्रिणीला फोन करायला बूथपर्यंत गेले, पण तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तशीच परतले. मग मी स्वतःशी असा हिशोब लावला : दुसऱ्या बायकांची माहिती त्यांची आहे, ती मी देऊ शकत नाही. पण चांगुणाबाईची माहिती चांगुणाबाईची आहे. तिचे सहा दिवस तिलाच परत द्यायला कोणाची हरकत असणार? मी फक्त तिच्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवल्या. दुसरी कोणी असेल तिथे नाव न देता ‘इतर बायका’ लिहिलं. बाकी चारही रकाने जसेच्या तसे ठेवले. एखादा रकाना गाळणं मला अप्रामाणिक वाटलं. खाली सही केली.

कागद तिच्या हातात देताना मी तो तिला वाचून दाखवला. वेळ, काम, कुठे. चौथा रकाना वाचला नाही. वाटलं, ते तिला माहीतच आहे.

पंचनाम्याच्या दिवशी पट्टीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. सर्कल उन्हाने वैतागलेले होते. चुलतभावाने जमीन पडीक असल्याचं सांगितलं. मग सर्कलनी जनार्दनला विचारलं, आई काय करते? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई घरीच असते. काम नाही करत." त्याचं उत्तर माझ्या चाळीस फॉर्ममध्ये होतं तेच होतं.

चांगुणाबाईने कागद पुढे केला. सर्कलनी तो उलटसुलट केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी विद्यार्थिनी आहे, साहेब. विद्यापीठातून आलेय. सहा दिवस इथे बसून मी हे लिहिलं."

"पस्तिशीच्या विद्यार्थिनी," ते म्हणाले. कोणीतरी हसलं. "बरं, वाचा."

मी वाचलं. सोमवार, सात ते सव्वासात, घरामागच्या वाटेने खाडीत उतरणे. सव्वासात ते सव्वादहा, चिंबोऱ्या आणि निवट्या पकडणे. वाचताना गर्दी शांत झाली. बाया मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, त्यांना आपला दिवस ऐकू येत होता. मंगळवार तसाच. बुधवार तसाच. सर्कल लिहून घ्यायला लागले.

"आणि हा शेवटचा रकाना कसला?"

"सोबत कोण होतं त्याचा."

"तो पण वाचा. साक्षीला कोणी असेल तर कळेल."

खाडीतल्या ओळींपुढे ‘इतर बायका’ होतं. त्यांनी नावं विचारली. देता येणार नाहीत म्हटलं. "पुढे वाचा," ते म्हणाले.

इथे मी थांबायला हवं होतं. पुढच्या ओळी घरातल्या होत्या, त्यांचा जमिनीशी काही संबंध नव्हता. पण मी वर्गात वाचतात तशी वाचत होते, आणि मला वाटतं, जनार्दनच्या त्या उत्तराचा मला रागही आला होता. मी वाचलं. साडेबारा, स्वयंपाक. घरात नवरा, मुलगा, सून. सोबत कोणी नाही. एक, जेवण. घरात नवरा, सून. सोबत कोणी नाही. अडीच, जाळं विणणे. सोबत कोणी नाही.

पाच-सहा ओळी झाल्यावर मला आवाज ऐकू आला. तिचा नवरा काठी टेकत उठला होता आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला होता. सून तोंडावर पदर घेऊन त्याच्या मागे गेली. जनार्दन उभा राहिला होता, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. पाड्यात सगळ्यांना हे माहीत असणार. पण माहीत असणं वेगळं आणि साहेबासमोर चारचौघांत वाचलं जाणं वेगळं.

मी चांगुणाबाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

सर्कलनी पंचनाम्यात लिहिलं : सदर पट्टीवरून खाडीत जाण्याची वहिवाट आहे, जमीन वापरात आहे. वहिवाट म्हणजे रोजचा, चालत आलेला वापर. नाव कमी करण्याचा अर्ज पुढे फेटाळला गेला, असं मला नंतर त्या वकिलांकडून कळलं. त्या अर्थी काम झालं.

दुसऱ्या आठवड्यापासून पाड्यातली दारं मला बंद झाली. भांडण कोणी केलं नाही. मी गेले की बाया आत जायच्या, एवढंच. मॅडमना मी सगळं सांगितलं, चौथ्या रकान्यासकट. त्या म्हणाल्या, माणूस म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही, पण या फील्डवरच्या प्रबंधावर मला सही करता येणार नाही. चाळीस घरांचा अभ्यास गेला. मी दिवा स्टेशनजवळच्या नव्या चाळींमध्ये पाण्याच्या रांगेतल्या बायकांवर काम केलं आणि एम.फिल. एक वर्ष उशिरा झालं. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाकीच्यांचे घरचे लोक पेढे घेऊन आले होते. मी परीक्षकांना चहा विचारला आणि निघाले. कॉलेजात परत गेल्यावर मला अकरावीचे तास मिळाले. स्त्री-अभ्यासाचा पेपर आमच्याकडे यायला पुढे सात-आठ वर्षं लागली.

पंचनाम्यानंतर महिन्याभराने मी एकदाच चांगुणाबाईकडे गेले होते. माफी मागायची होती. ती ओट्यावर नव्हती, मागच्या दारी होती. मी काही बोलायच्या आतच घरातून नवऱ्याचा आवाज आला. तो तिला नावाने हाक मारून चहाबद्दल काहीतरी कर्कश बोलला. तिने तिथूनच उत्तर दिलं, तितक्याच कर्कश.

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आता बोलतान. शिव्या देतान, पन बोलतान."

मी म्हटलं, बरं झालं.

"जमिनीचं वाचलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "माज्या घरचं कशाला वाचलंस? त्ये मी तुला दावलं नव्हतं. त्ये तू बघितलंस."

चुकलं माझं, मी म्हटलं.

"तू नको येव आता, बाय. तू आलीस का त्यांना तो दिस आठवतंय. मंग गप होतान."

तिने मला आत बोलावलं नाही, पण जाताना पाटीतल्या चार चिंबोऱ्या पानात बांधून दिल्या. मला त्या करता येत नाहीत. डोंबिवलीला आणून मी त्या शेजारच्या काकूंना दिल्या. त्या शाकाहारी निघाल्या.

पुढे बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवली. संमतीचा तास आला की मुलं विचारतात, मॅडम, फॉर्मवर सही घेतली की झालं ना? मी सांगते, नाही झालं. सहीने फक्त घरात बसता येतं. बसल्यावर जे दिसतं त्याची संमती ओळीओळीला मागावी लागते, आणि ती मागायची वेळ वाचून दाखवायच्या आधीची असते.